ग्वाल्हेरचं शून्य: किल्ल्यावरच्या एका भिंतीसाठी चार दिवस

पहिला दिवस, ११ जानेवारी

सकाळी सहाला पोचायची गाडी दुपारी एकला पोचली. झाशी सोडल्यावर खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं, रुळालगतचा खांबही दिसेना. जानेवारीत उत्तरेकडे जाणाऱ्याने हे धरूनच चालावं. पोचण्याच्या दिवशी कुणाला वेळ देऊ नये आणि पिशवीत दशम्या-चटणी जास्तीची ठेवावी. माझ्या दशम्या समोरच्या बाकावरच्या मुरैन्याच्या कुटुंबाबरोबर संपल्या. मी उतरायला उठले तेव्हा त्यांच्यातल्या आजींनी माझ्या हातात गजकेचा, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत मिठाईचा, एक पुडा ठेवला आणि ‘ना’ म्हणूच दिलं नाही.

मी मिरजेच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. पाचवीला स्थानिक किंमत शिकवायला घेतली की दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, “बाई, शून्य पहिल्यांदा कुणी लिहिलं?” मी ब्रह्मगुप्ताचं नाव सांगायचे, तास संपायचा, आम्ही पुढच्या धड्यावर जायचो. दगडात कोरलेलं, शेजारी सालही असलेलं, हाताच्या अंतरावरून बघता येईल असं शून्य ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे, हे मला निवृत्तीच्या सुमारास कळलं. आणि माझी सख्खी मावशी बावन्न वर्षांपूर्वी ग्वाल्हेरलाच दिलेली! इतक्या वर्षांत मी तिच्याकडे लग्नामुंजीला दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा किल्ला खालूनच पाहिला होता. त्या मुलांचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं आहे असं सारखं वाटत होतं, म्हणून या वेळी फक्त त्यासाठी आले.

मावशीचं घर लष्करात, दौलतगंजच्या बाजूला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ दिला, तो तळ पुढे उठलाच नाही. त्याचं शहर झालं आणि नावही लष्करच राहिलं. दौलतगंज, जनकगंज, फालका बाजार अशी नावं रिक्षातून वाचत जाताना घरच्याच कुणाची वंशावळ वाचतोय असं वाटतं.

“ये गं, सकाळपासून वाट पाहून राहिले मी,” मावशी दारातच म्हणाली. तिची मराठी आता पूर्ण ग्वाल्हेरी झाली आहे. वहिनी “भाजीत नमक बरोबर आहे नं?” असं विचारते आणि मावशीचा नातू, माझा भाचा, आईशी मराठीत बोलता बोलता अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरतो. मला ही बोली फार गोड वाटते. दोनशे वर्षं दुसऱ्या भाषेच्या मांडीला मांडी लावून बसलेली आणि तरी न विरघळलेली मराठी आहे ती.

संध्याकाळी भाच्याबरोबर महाराज बाड्यावर चक्कर मारली. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गरम दुधाच्या कढईभोवती माणसं शाली गुंडाळून उभी होती. आम्हीही उभे राहिलो. रात्री मावशीने विचारलं, “किल्ल्यावर काय पाहणार?” मी म्हटलं, “शून्य.” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. “इथे राहून बावन्न वर्षं झाली, मी नाही पाहिलेलं. आधी तू पाहून ये.”

दुसरा दिवस, १२ जानेवारी

सकाळी बेडई, बटाट्याचा रस्सा आणि जिलबी. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली खुसखुशीत पुरी. थंडीत ती कढईतून थेट पानात आली पाहिजे, घरी बांधून आणण्यात अर्थ नाही.

किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेची उरवाई दरवाजाची वाट गाडीची, पूर्वेची ग्वाल्हेर दरवाजाची वाट पायी चढायची. शून्य पूर्वेच्या वाटेवरच्या एका छोट्या मंदिरात आहे. गाडीने थेट वर जाऊन मानमंदिर हा राजवाडा पाहून परतणाऱ्यांचं ते मंदिर हमखास चुकतं. म्हणून पूर्वेकडून चढावं आणि पश्चिमेकडून उतरावं. चढ दगडी फरसबंदीचा आहे, धुक्याने ओला असतो, चांगली पकड असलेले बूट हवेत. आणि अकराच्या आधी जाऊ नये, कारण धुकं असेपर्यंत खालचं शहरही दिसत नाही आणि कोरीव अक्षरंही.

आम्ही साडेदहाला गुजरी महालाशी होतो. तिथलं संग्रहालय आधी पाहून घेतलं. ग्यारसपूरची शालभंजिका तिथे आहे आणि ती सावकाश बघावी अशी आहे. बाहेर आलो तोवर धुकं फाटायला लागलं होतं. चढताना एका बाजूला सरळ उभा कडा. याच किल्ल्यावर १७८० च्या ऑगस्टमध्ये, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू असताना, कॅप्टन पॉपहॅमची माणसं रात्री शिड्या लावून चढली. पायांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांना कापूस भरलेले बूट दिले होते असं सांगतात. महादजींनी पुढे तीन वर्षांत किल्ला परत घेतला. भाच्याला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगता येते, ती त्याने आजोबांकडून ऐकलेली आहे.

लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे, वाटेच्या कडेला चतुर्भुज मंदिर. पहिल्यांदा मी पुढेच निघून गेले, इतकं ते लहान आहे. एका अखंड खडकातून कोरून काढलेलं, पुढे चार खांबांचा मंडप, मागे छोटा गाभारा. दाराला कुलूप होतं. आम्ही पायरीवर बसलो. वीसेक मिनिटांनी कानटोपी घातलेले एक राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन खालून चढत आले. “नंबर देखना है?” एवढंच विचारलं आणि दार उघडलं. परदेशी पाहुणे ‘नंबर’साठीच येतात, देवासाठी गावातले, असं ते म्हणाले.

आतल्या भिंतीवर संस्कृत लेख आहे. समोरून उजेड पाडला की अक्षरं सपाट दिसतात, काहीच लागत नाही. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून कडेने धरला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. मात्र हात लावू नये, पाणी किंवा खडू तर मुळीच लावू नये. भाच्याने टॉर्च धरला, मी चष्मा पुसला. राखणदारांनी लांबूनच बोटाने जागा दाखवली.

२७०.

मला वाटलं होतं आधी आकडे ओळखायला शिकावं लागेल. तसं काही झालं नाही. दोन तर आपलाच, सात आपलाच आणि त्यांच्या शेजारी एक लहानसं वर्तुळ. शेजारच्या आकड्यांपेक्षा छोटं. फळ्यावर मी जन्मभर काढलं ते याहून मोठं आणि डौलदार असेल, पण हेच. साडेअकराशे वर्षांपूर्वी छिन्नीने फिरवलेलं. मी किती वेळ तिथे उभी होते ते भाच्याने मोजलं, बावीस मिनिटं.

लेखाचं साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. राजा कनौजचा मिहिर भोज. या गोपाद्रीचा म्हणजे ग्वाल्हेरगडाचा रखवालदार अल्ल नावाचा अधिकारी. त्याने बाप वैल्लभट्ट याच्या नावाने हे विष्णुमंदिर कोरवलं. लेखात ना युद्ध आहे ना आकाशातले ग्रह. सगळ्या गावाने देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात. तेल्यांनी दिव्यासाठी तेल द्यायचं. माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या, त्या त्या ऋतूत जी फुलं असतील त्यांच्या. या ५० मध्येही शून्य आहे.

मी तिथेच वहीत हिशेब केला. हात दीड फुटाचा धरला तर बाग ४०५ फूट लांब आणि २८० फूट रुंद होते, अडीच एकरांहून थोडी जास्त. आता त्यातलं शून्य पुसा. बाग २७ हातांची होते, एक दशांश. आणि देवाला रोज पन्नासाऐवजी पाच माळा! गावाने काय कबूल केलं आणि माळ्याने काय पोचवायचं, हे सगळं त्या छोट्या वर्तुळावर टिकून आहे. याआधीच्या ब्राह्मी लेखांमध्ये दहाला एक खूण, वीसला दुसरी, शंभरला तिसरीच असे. इथे नऊ आकडे आणि एक रिकामी जागा, एवढ्यात काम भागलं. आणि कोरणाऱ्याने ते समजावून सांगितलेलं नाही, वाचणाऱ्याला ते येतंय असं धरून चाललाय. माझ्यासाठी त्या दिवशीची सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. म्हणजे ८७६ मध्ये ग्वाल्हेरच्या बाजारात शून्य नवं नव्हतं, रोजच्या वापरातलं होतं.

बाहेर पायरीवर बसून आम्ही पेरू खाल्ले. भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “आत्या, मग हे जगातलं पहिलं शून्य नं?” हे मी त्याला स्पष्ट सांगितलं आणि इथेही सांगते: नाही. कंबोडियात मेकाँगकाठी सांबोरला सापडलेल्या एका शिळेवर शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, असं साल आहे आणि त्यातलं शून्य म्हणजे एक टिंब आहे. ती शिळा तिथल्या यादवीच्या काळात बेपत्ता होती, ती २०१३ मध्ये पुन्हा सापडली. त्याआधी बॅबिलोनच्या लोकांनी रिकाम्या जागेसाठी खूण केली होती आणि समुद्रापलीकडे माया लोकांनी स्वतंत्रपणे शून्य वापरलं होतं. ग्वाल्हेरचं शून्य हे भारतातल्या दगडावरचं, तारखेसह, ज्याबद्दल वाद नाही असं आहे. ‘पहिलं’ म्हणून त्याचा मान वाढवायची गरज मला वाटत नाही.

मग त्याने विचारलं, “इथून युरोपात कसं गेलं?” माझा आवडीचा विषय. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने भिल्लमाळला शून्याचे नियम लिहिले: धनात शून्य मिळवलं तर धन, ऋणात मिळवलं तर ऋण. फक्त शून्याला शून्याने भागलं की शून्य असं तो म्हणाला, ते चुकलं. भागाकाराचा तो प्रश्न आपले भास्कराचार्य ११५० मध्ये पुढे घेऊन गेले. नवव्या शतकात बगदादेत अल्-ख्वारिझ्मीने हिंदी आकड्यांच्या हिशेबावर लिहिलं. त्याच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. इथे भाचा ताठ बसला, कारण तो शब्द तो रोज वापरतो. अरबांनी ‘शून्य’चं भाषांतर ‘सिफ्र’ केलं, म्हणजे रिकामं. पिसाच्या एका जकात अधिकाऱ्याचा मुलगा उत्तर आफ्रिकेत हे आकडे शिकला, तो फिबोनाची. १२०२ मध्ये त्याने ‘हिंदूंचे नऊ आकडे’ आणि सिफ्र इटलीच्या व्यापाऱ्यांना शिकवले. ‘सिफ्र’चंच पुढे ‘झिरो’ झालं.

आणि लगेच सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असंही नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने खातेवहीत हे आकडे लिहायला बंदी केली. शून्याला एक शेपूट काढलं की सहा होतो किंवा नऊ होतो, खाडाखोड फार सोपी, अशी भीती होती.

“म्हणून चेकवर अक्षरी पण लिहितात?” भाचा म्हणाला.

मी शिक्षिका म्हणून अशा प्रश्नांसाठीच जगले. त्याला पाठीत एक थाप दिली आणि आम्ही हत्ती पोळ या वरच्या दरवाजाकडे निघालो.

वर मानमंदिर आहे, मानसिंह तोमराचं (राज्य १४८६ ते १५१६). बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांची बदकं अजून ताजी दिसतात. सासबहू मंदिर १०९३ चं, त्याच्या मंडपाच्या छताखाली मान वर करून उभं राहावं. तेली का मंदिर दुरूनच पाहिलं, पाय थकले होते.

दुपारी दाता बंदी छोड गुरुद्वारात लंगरला बसलो. जहांगीराने गुरू हरगोविंदांना या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा त्यांनी बरोबरच्या ५२ राजांनाही सोडा, नाहीतर मी निघत नाही, असं सांगितलं. जेवढे राजे वस्त्राला धरतील तेवढे सुटतील अशी अट पडली, म्हणून त्यांनी ५२ पदरांचा चोळा शिवून घेतला, ही कथा शेजारी बसलेल्या एका सरदार आजोबांनी मला डाळ वाढता वाढता सांगितली. ‘बावन्न’ म्हणताना ते एकेक बोट मिटत होते. (डोकं झाकायला रुमाल दारात मिळतो, मोजे काढावे लागतात, गार फरशीची तयारी ठेवावी.)

उरवाईकडून उतरताना कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती लागतात. तोमरांच्या काळातल्या, पंधराव्या शतकातल्या, सगळ्यात उंच सतरा मीटरांच्या आसपास. बाबराने इथे येऊन त्या फोडायचा हुकूम दिला आणि ते आपल्या आठवणींमध्ये लिहूनही ठेवलं. काहींचे चेहरे पुढे दुरुस्त केले आहेत. तिथे आम्ही फार बोललो नाही.

तिसरा दिवस, १३ जानेवारी, भोगी

भोगीची भाजी मिरजेलाही होते, पण ग्वाल्हेरच्या थंडीतला मटार, ओला हरभरा आणि लाल गाजरं इकडे नाहीत. वहिनीने वर तीळ कुटून घातले, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या केल्या, लोण्याचा गोळा ठेवला. मावशी वांग्याचं देठ काढू देत नाही, तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची रीत. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जयविलास पॅलेस सकाळी पाहून घेतला. १८७४ चा. दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. गर्दी होती, लवकर निघालो. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीशी मात्र थांबले. १८५८ च्या जूनमध्ये इथे जवळच त्या पडल्या. एक शाळेची सहल आली होती, मुलं गप्पा मारत होती, त्यांच्या बाईंनी एकदाच हात वर केला आणि सगळी गप्प झाली.

हजिऱ्याला सूफी संत मुहम्मद घौसांचा मकबरा. त्याच्या दगडी जाळ्यांमधून दुपारचं ऊन जमिनीवर पडतं, ती नक्षी पाहायला दोन-तीनच्या सुमारास जावं. त्याच आवारात तानसेनाची साधी कबर आणि शेजारी चिंच. गवई तिचा पाला चघळतात. मी मिरजेची, तंबोऱ्यांच्या गावची. ग्वाल्हेरची गायकी इथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांबरोबर आमच्याकडे आली आणि विष्णु दिगंबर मिरजेत त्यांच्यापाशी शिकले. त्या कबरीपुढे मी एक पान तोंडात धरलं आणि गावाकडून नमस्कार सांगितला. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, गाण्यासाठी येणाऱ्यांनी तेव्हा यावं.

परतताना गजक बनते ते पाहायला थांबलो. गुळाचा पाक आटवतात, गार झाला की भिंतीतल्या खुंटीला अडकवून ओढतात, पुन्हा अडकवतात, पुन्हा ओढतात. तपकिरी पाक ओढता ओढता सोनेरी होतो, मग पांढुरका. त्यात भाजलेले तीळ घालून चौघं जण लाकडी मोगऱ्यांनी ठोकायला बसतात. ठोके आळीपाळीने, एकाचा मोगरा दुसऱ्याला कधी लागत नाही. मी मोजत होते: चार ठोके, घडी, चार ठोके, घडी. त्या घड्यांमुळेच ती तोंडात पापुद्र्यांसारखी सुटते. गजक हवाबंद डब्यात न्यावी, दमट हवेत मऊ पडते. मिरजेला पोचेपर्यंत माझी टिकली.

चौथा दिवस, १४ जानेवारी, संक्रांत

माझी गाडी रात्रीची. सकाळी मावशी काळी साडी नेसून तयार होती. “मला पण ने,” म्हणाली. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे. मावसभावाने उरवाईकडून गाडी वर नेली. हत्ती पोळीपासून खाली मंदिरापर्यंतचा उतार आम्ही चार ठिकाणी थांबत उतरलो. वयस्कर माणसांना असंच न्यावं, वरून खाली, हाताला धरून, परत चढायला भरपूर वेळ ठेवून. तिच्या हातात सकाळी ओवलेली झेंडूची माळ होती.

राखणदारांनी मला ओळखलं. त्यांना तिळगूळ दिला, त्यांनी दार उघडलं. मावशीने आधी देवाला माळ वाहिली, मग भिंतीकडे वळली. मी टॉर्च कडेने धरला. ती जवळ गेली, चष्मा वर सरकवला.

“दोन,” ती म्हणाली. “सात. आणि हे पूज्य.”

आमच्या आजोबांचा शब्द. ते ओसरीवर आम्हाला ‘एकावर पूज्य दहा’ असंच म्हणायला लावत. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात तो एकदाही आला नव्हता.

मी तिला लेखाचा अर्थ सांगितला. बाग, तेल, रोजच्या पन्नास माळा. पन्नास माळा तिला फार पटल्या. “थंडीत झेंडूच देत असतील,” ती म्हणाली. मी म्हटलं, “नाही गं, झेंडू मेक्सिकोकडचा, युरोपातल्या जहाजांबरोबर आला, या लेखानंतर सहा-सातशे वर्षांनी.” ती देवाच्या गळ्यातल्या पिवळ्या माळेकडे बघत राहिली. परसातली, आजोळची, इथली, सगळी झाडं मनात धुंडाळत असावी.

“मग कुंद असेल,” ती म्हणाली. “थंडीत तोच भरभरून फुलतो.”